सिन्या, मशीन खोटं बोलत होतं

सिन्या, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. शेवटचं आपण भांडलो ते तुझ्या घरी. तू तीन उशांना टेकून बसला होतास, बोलताना धाप लागत होती, तरी बोट माझ्या तोंडासमोर नाचवत होतास.

"मल्ल्या, सूर बोटात असतो बे. मशीनमध्ये नुसता करंट असतो."

"मग मशीन बंद करून नुसती बोटं वाजवून दाखव की."

"दाखवतो. आधी मी पुढं जातो, तिकडं लाईट हाय का बघतो. मग तू तुझे व्हॉल्व्ह घेऊन ये."

आतून अंबूवहिनी ओरडल्या, "दोघं मिळून दीडशे वर्षांचे झालात, आता तरी गप बसा." तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. त्यानंतर चार दिवसांनी तू खरंच पुढे गेलास, आणि शेवटचा शब्द तुझा राहिला. तुझी ती जन्माची खोड.

पेपरात तुझी बातमी आली. टेरी टॉवेलचे जुने कारखानदार, मनमिळाऊ स्वभाव, समाजाच्या मंडळाचे सभासद. सगळं बरोबर आहे. गिटारचं नाव मात्र कुठे नाही. ते नाही याला कारण मी आहे. पन्नास वर्षं एक गोष्ट पोटात ठेवून मी तुझ्या शेजारी बसलो, चहा प्यालो, तुझ्याशी भांडलो. आता लिहितो. तू मध्ये बोलू शकत नाहीस हा एक फायदा आहे, तेवढा मला घेऊ दे.

रेल्वे क्वार्टर्समधल्या त्या अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांनी ऑस्ट्रेलियाला जाताना बिऱ्हाड विकायला काढलं होतं, तिथून सुरुवात झाली. तुझ्या आईने तुला त्यांचं लोखंडी कपाट बघून आणायला पाठवलं. तू आलास तो सायकलच्या दांडीला गिटार बांधून आणि कॅरिअरला दोन रेकॉर्डचा एक जाडजूड संच लावून. मी तेव्हा तुमच्या ओट्यावरच होतो. आईने तेलुगूत विचारलं, "बीरुवा एदि रा?" कपाट कुठं आहे? तू गिटार पुढे केलीस आणि म्हणालास, "इदे." हेच. मला तेलुगू येत नव्हतं, पण पुढचं सगळं समजलं, कारण आईच्या हातात लाटणं होतं.

त्या संचाच्या वेष्टनावर चार लांब केसांची माणसं होती. स्टेजवर धूर, आणि एकजण डोळे मिटून गिटारवर वाकलेला. बँडचं नाव आपल्याला धड उच्चारता येत नव्हतं, म्हणून आपण ते कधी घेतलंच नाही. वाकलेल्या माणसाला तू 'मास्तर' म्हणायला लागलास. तुमच्या कारखान्यात नव्या माणसाला माग शिकवणाऱ्याला मास्तर म्हणत, म्हणून हाही मास्तर.

माझ्या वडिलांचं लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान. कर्णे, अँप्लिफायर, रेकॉर्ड वाजवायचं मशीन, सगळं तिथे. रविवारी सकाळी लग्नाची तिथी नसली की तू, मी आणि रज्जाक तिथे जमायचो. रज्जाक त्याच्या चुलत्याच्या लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा. दोन्ही रेकॉर्ड पहिल्या बाजूपासून चौथ्या बाजूपर्यंत ऐकायच्या, मग उठायचं. मास्तर एकटा वाजवत असेल तेव्हा कुणी बोलायचं नाही, आणि रज्जाकने मांडीवर ताल धरायचा नाही, हा तुझा नियम. तो बिचारा तेवढा वेळ हात बगलेत दाबून बसायचा.

ती रेकॉर्ड स्टुडिओतली नव्हती, कुठल्याशा मोठ्या सभागृहात माणसांसमोर वाजवताना भरलेली होती. आपल्याला वेड लागलं ते त्यामुळे. दुसऱ्या बाजूला ढोलवाल्याची काठी हातातून सुटते आणि तो दोन फेरे एका हातानं सांभाळतो, ते ऐकलं की रज्जाक म्हणायचा, "हौ, ये अपना आदमी है." तिसऱ्या बाजूला मास्तरची तार किंचित उतरते, तो वाजवता वाजवताच ती वर ओढून घेतो. चुका लपवलेल्या नव्हत्या. समोर बसलेली माणसं मध्येच ओरडायची आणि त्या ओरडण्यानं मास्तर आणखी पेटायचा.

आणि त्याचा तो सूर! मी म्हणायचो, हा अँप्लिफायरमधल्या काचेच्या व्हॉल्व्हचा गुण. व्हॉल्व्ह तापून लाल झाला की आवाजाला अशी साय येते. तू म्हणायचास, "हट बे. नवी चादर अंगाला टोचती. पाच धुणी झाली की मऊ पडती, पण ऊब तीच राहती. मास्तरचा सूर पाच धुण्यांचा हाय. ते व्हॉल्व्हनं होत नसतंय, वापरानं होतंय." त्या सुराबद्दल याहून चांगलं मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही. तेव्हा मी नाक मुरडलं होतं. तेही इथे कबूल करतो.

आता त्या पोटात ठेवलेल्या गोष्टीकडे येतो. रेकॉर्डच्या मशीनमध्ये मोटारीच्या दांड्यावर एक बोटाच्या पेराएवढं पितळी बुश असतं. त्याला पायऱ्या असतात, लहान रेकॉर्डसाठी एक, मोठीसाठी एक. पायरी जितकी जाड, तितकी रेकॉर्ड जोरात फिरते. तुझी सायकल गिटार घेऊन यायच्या दोनेक महिने आधी, टेंभुर्णीच्या एका लग्नात आमचं मशीन टेबलावरून पडलं आणि ते बुश वाकलं. कंपनीचं मिळेना. मी मागाचे सुटे भाग करणाऱ्या लेथवाल्या मिस्त्रीकडून नवं कातून आणलं. देताना तो म्हणाला, "मोठ्या रेकॉर्डची पायरी जरा जाड ठेवलीया. झिजून बसंल."

मागाच्या कामात ते बरोबर आहे, तुला मी काय सांगणार. मागाचं बुश नेहमी जरा जाड ठेवतात, महिनाभर घासलं की आपोआप जागेवर बसतं. पण रेकॉर्डच्या मशीनमध्ये पितळेवर मऊ रबराचं चाक फिरतं. रबर झिजतं, पितळ झिजत नाही. ते पन्नास वर्षांत झिजलं नाही.

म्हणजे काय झालं, ते तुझ्या लक्षात आलं असेल. लहान रेकॉर्ड बरोबर वाजायच्या, सिनेमाची गाणी लहानच असायची, म्हणून लग्नात कुणी तक्रार केली नाही. पण मोठी रेकॉर्ड जोरात फिरायची. मास्तर होता त्यापेक्षा घाईत वाजायचा आणि एक पट्टी वर वाजायचा. आपण तिघांनी त्याला पहिल्यांदा ऐकलं तेच असं. आपल्यासाठी तोच मास्तर.

तू गिटार त्या रेकॉर्डला जुळवलीस. तारा इतक्या ताणाव्या लागायच्या की आठवड्याला एक तुटायची. एकदा तुटलेली तार रज्जाकच्या गालावर बसली. तो म्हणाला, "शादी नहीं हुई अबी मेरी, जरा देख के." तारा ओढून सूर वर चढवायचा तर तुझ्या बोटांतून रक्त यायचं. रात्री तुरटीच्या पाण्यात बोटं बुडवायचास आणि सकाळी परत मागावर. मी विचारलं, गोऱ्या लोकांची बोटं अशी कशी असतील रे? तू म्हणालास, "लोखंडाची असतील. आपण पण करू."

आणि तू केलीस! दोन वर्षांत तू ती लांबलचक चौथी बाजू तारेला तार लावून वाजवायला लागलास. आमच्या दुकानासमोर रविवारी मागवाले कामगार उभे राहायला लागले. पानपट्टीवाला विड्या विकायचा सोडून ऐकायचा. तुझा सूर मास्तरपेक्षाही धारदार होता. ताणलेल्या तारांचा तो गुण, हे मला आज कळतं. तेव्हा मी सगळ्यांना सांगायचो, "अँप्लिफायर आमचा आहे."

मोहोळचं लग्न आठवतं? अडत व्यापाऱ्याच्या मुलीचं. आपण सिनेमाची गाणी वाजवायला गेलो होतो. ऐन वरातीच्या वेळी तू डोळे मिटलेस आणि चौथी बाजू सुरू केलीस. वरात थांबली. घोड्यावरचा नवरदेव वळून बघायला लागला. नवऱ्याचा बाप धावत आला, "ओ, हे काय लावलंय? घोडं पुढं जाईना की!" आणि एक फेटेवाले आजोबा अगदी स्टेजला चिकटून उभे होते, त्यांनी तुला विचारलं, "पोरा, त्या लाकडाला काय दुकतंय रं? लई कळवळतंय." तू वाजवणं न थांबवता म्हणालास, "तेच इचारतोय त्याला." संपल्यावर शिट्ट्या थांबेनात. ते सगळं मी नव्या कॅसेट टेपवर भरून घेतलं. ती टेप तुला मी एकदाच ऐकवली, त्याच आठवड्यात. ऐकून तू एवढंच म्हणालास, "शेवटच्या वळणावर मागं पडतोय."

शेवटचं वळण म्हणजे चौथ्या बाजूच्या अखेरीस मास्तर एका दमात खालून वर धावत जातो ते. तिथे तू जरासा मागे राहायचास. अगदी जरासा. दुसऱ्या कुणाला कळतही नसे. तुला कळायचं. आणि एका रविवारी, दुकानासमोर पंधरा-वीस माणसं उभी असताना, तू चिडून म्हणालास, "हे मशीन तर जोरात पळत नाही ना बे?"

सिन्या, तू बरोबर विचारलं होतंस. पहिल्या झटक्यात नेमका प्रश्न. मी काय म्हणालो ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "मशीन खोटं बोलत नाही. तुझी बोटं जड आहेत." लोक हसले. तूही हसलास.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी व्हॉल्व्ह आणायला पुण्याला गेलो. त्या दुकानात मास्तरची तीच रेकॉर्ड लागली होती. मला हसूच आलं. मी मालकाला म्हणालो, "तुमचं मशीन सुस्त झालंय, जरा बघा." तो चिडला. त्याने काळ्या-पांढऱ्या रेघांची एक चकती काढली आणि रेकॉर्डवर ठेवली. ट्यूबलाइटच्या उजेडात फिरताना त्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या तर वेग बरोबर. रेघा उभ्या होत्या, शाळेतल्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या. मी तशीच एक चकती मागून आणली. सोलापुरात आल्यावर दुपारी शटर अर्धं ओढून आमच्या मशीनवर ठेवली. रेघा मुंग्यांसारख्या पुढे पळत होत्या.

मी चकती काढून कपाटात व्हॉल्व्हच्या खोक्यांमागे ठेवली. त्या वेळी मनात काय होतं, ते प्रामाणिकपणे सांगतो. तुझं वाईट व्हावं असं नव्हतं. आता लोक मला हसतील, एवढंच होतं. पंधरा-वीस माणसांसमोर मी छाती काढून बोललो होतो. म्हटलं, हळूच बुश घासू, कुणाला कळणार नाही. पण घासलं तर रविवारी मास्तर खाली उतरेल आणि पहिलं तुलाच कळेल. मग म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू.

पुढचा रविवार यायच्या आधी तू आलास. हातात गिटार नव्हती.

"पुण्याच्या त्या ऑर्केस्ट्रावाल्याला नाही म्हणून सांगून आलो," तू म्हणालास. ऑर्केस्ट्रावाला महिनाभर तुझ्या मागे होता, गिटारसाठी तूच पाहिजे म्हणत होता.

"का बे?"

"नाय जमत. मास्तर पुढं जातो, मी मागं राहतो. आपल्याला शेवटपर्यंत पोचता येत नाही तर स्टेजवर कशाला उभं राहायचं? नुसतं नाचायचं काम ते."

एक वाक्य बोलायचं होतं मला. सिन्या, मशीन पळतंय. तीन शब्द. मी म्हणालो, "चहा घेणार?"

तू चहा घेतलास. गिटार खोळीत घालून माळ्यावर गेली. त्याच वर्षी तुझं लग्न झालं, वडिलांचा कारखाना तू हातात घेतलास, साध्या मागांवरून टॉवेलवर आलास, चांगलं केलंस. मला एका शब्दाने कधी दोष दिला नाहीस. देणार कसा, तुला माहीतच नव्हतं.

मला वाटलं होतं, तू ऐकणंही सोडशील. तू तर रविवारी आधीपेक्षा लवकर यायला लागलास! स्वतः वाजवायचं ओझं उतरलं तसा तू नुसता ऐकणारा झालास, आणि तुझ्यासारखा ऐकणारा मी पाहिला नाही. मास्तरची तार उतरते तिथे तू दरवेळी दात-ओठ खायचास, जणू या वेळी तो सांभाळणार नाही. या पन्नास वर्षांत मला जे सुख मिळालं त्यात तुझं ते तोंड पहिल्या नंबरला आहे.

सीडी आली तेव्हा मी धोरणाने जाहीर करून टाकलं, "सीडीत दम नाही." तुम्ही दोघांनी मान डोलावलीत. पुढे तुझ्या नातीने तुला मोबाईलवर मास्तरचा तोच कार्यक्रम लावून दिला. तू धापा टाकत दुकानात आलास.

"मल्ल्या, मोबाईलमध्ये मास्तर म्हातारा वाटतो बे. असं का?"

देवाने मला दुसरी संधी दिली होती. मी म्हणालो, "नेट स्लो असेल."

रज्जाक लगेच म्हणाला, "हौ, मेरे घर में भी टावर नहीं मिलता."

आणि तू समाधानाने मान हलवलीस. आपल्या तिघांएवढे शहाणे चाहते जगात दुसऱ्या कुठल्या बँडला मिळाले नसतील.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी मी ते बुश काढलं आणि घासलं. पाच मिनिटांचं काम होतं. पन्नास वर्षं लागली. चकती ठेवली, रेघा उभ्या राहिल्या. मग मोहोळची टेप काढली. इतकी वर्षं ती कपाटात होती, कारण मला भीती होती. मोबाईलवर वेळ मोजत शेवटचं वळण ऐकलं. खऱ्या वेगाने मास्तरला ते पंचेचाळीस सेकंद लागतात. आपलं मशीन पळत होतं तेव्हा तो साडेबेचाळीसमध्ये पोचायचा. टेपवर तुला त्रेचाळीस लागलेत, म्हणजे खऱ्या मास्तरच्या दोन सेकंद आधी.

अर्धा सेकंद, सिन्या. त्या अर्ध्या सेकंदासाठी तू गिटार माळ्यावर टाकलीस.

पण टेपही माझीच, मशीनही माझंच. माझ्या यंत्रांवर आता मीच विश्वास ठेवत नाही. टेपवर तुझ्या वाजवण्याआधी मंगलाष्टकं आहेत, आणि त्यांना मोहोळच्या मारुतीच्या देवळातली पेटी साथीला आहे. पेटीचा सूर सहसा हलत नाही. म्हणून टेपरेकॉर्डर पिशवीत घालून एसटीने मोहोळला गेलो. देवळात भजनी मंडळाचा एक तरुण होता. पेटी तीच होती, भाता तेवढा नवा.

"आजोबा, पेटी घ्यायची हाय का?"

"नाही. एकच पांढरी पट्टी दाबायची आहे."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "दाबा की. एकीला पैसं न्हाय पडत."

मी दाबली, टेप लावली. दोन्ही एकजीव. मी परत दाबली. परत एकजीव. म्हणजे टेपचा वेग खरा, आणि तुझे त्रेचाळीसही खरे. त्या पोराला वाटलं म्हाताऱ्याला उमाळा आला, त्याने पाणी आणून दिलं. वाटलं ते खोटं नव्हतं.

गेल्या रविवारी रज्जाकला आणि अंबूवहिनींना दुकानात बोलावलं. वहिनी दुकानात पहिल्यांदाच आल्या. तुझ्या खुर्चीवर बसा म्हटलं तर बसेनात, स्टुलावर बसल्या. मी बुशापासून 'चहा घेणार'पर्यंत सगळं सांगितलं. मग रेकॉर्ड लावली, बरोबर वेगाने.

रज्जाक अर्धा मिनिट कसाबसा बसला. "अरे ये क्या मय्यत की चाल है! नक्को बाबा. पैले का लगा."

"रज्जाक, पहिलं चुकीचं होतं. हे खरं आहे."

"खरं तेरे घर ले जा. पचास बरस मैं जो सुना, वो मेरा मास्टर है. ये कोई दूसरा आदमी है." मग हळू आवाजात म्हणाला, "सिनू को बोलना था रे, मल्लू."

"हो."

"एक बार तो भी बोलना था."

अंबूवहिनींनी पदराने चष्मा पुसला, परत घातला.

"भाऊजी, म्हंजे यांनी वाजवणं सोडलं ते या पितळेच्या तुकड्यामुळं?"

"या तुकड्यामुळे नाही, वहिनी. माझ्यामुळे."

"माझ्यामुळं नाही ना पण?"

मी विचारलं, "तुमचा काय संबंध?"

"माझं लग्न ठरलं आन् गिटार माळ्यावर गेली. अत्तम्मा, म्हंजे सासूबाई, जाईपर्यंत म्हणायच्या, पोरीचा पायगुण. हिचं ठरलं आन् पोराचा हात थांबला. नणंदा अजून म्हणतात. परवा दहाव्याला पण बोलल्या. मी यांना विचारलं होतं एकदा, तर हसले, म्हणाले तसं काही नाही. पण मग कसं, ते सांगितलं नाही. मी धरूनच चालले, माझाच असंल पायगुण."

सिन्या, मला वाटत होतं मी एका माणसाचं नुकसान केलं. माझ्या तीन न बोललेल्या शब्दांखाली आणखी एक माणूस पन्नास वर्षं उभं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. वहिनी माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे लिहून द्या."

"लिहून?"

"तोंडी सांगितलेलं आमच्यात कुणी ऐकत नाही. समाजाच्या अंकात यांच्यावर लेख मागितलाय, तो तुम्हीच लिहा. नणंदांकडं अंक जातो. आन् पायगुणाचं गाळू नका."

म्हणून हा लेख, सिन्या. गाळलेलं काही नाही. श्रीनिवासने गिटार सोडली ती बायकोच्या पायगुणाने नाही, आणि बोटं जड होती म्हणूनही नाही. त्याची बोटं जड नव्हती. मशीन पळत होतं, ते मल्लिनाथला माहीत होतं, आणि मल्लिनाथ गप्प बसला. आपल्या भांडणातही तूच जिंकलास. सूर बोटात असतो. पण अर्धं माझं ठेव. तारा तेवढ्या ताणल्या गेल्या त्या माझ्या मशीनमुळे. बघ, अजून सुटत नाही.

उठताना वहिनींनी विचारलं, "यांनी वाजवलेलं तुमच्याकडं हाय म्हणता ना?"

त्यांनी तुला कधी ऐकलंच नव्हतं. तुझं लग्न झालं तेव्हा गिटार माळ्यावर होती, आणि टेप माझ्या कपाटात.

मी टेप लावली. मंगलाष्टकं झाली, पेटी थांबली, मग तू, आणि मध्येच नवऱ्याच्या बापाचा आवाज. वहिनी स्टुलावरून उठून स्पीकरजवळ गेल्या आणि शाळेतल्या मुलीसारख्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मध्ये एकदा त्यांना हसू आलं, का ते मला कळलं नाही. शेवटचं वळण आलं. तू खालून वर धावत निघालास, मागे मोहोळची माणसं शिट्ट्या मारायला लागली.

"एवढ्या घाईत कुठं निघालेत हे?" वहिनींनी स्पीकरवरची नजर न काढता विचारलं.

उत्तर रज्जाकने दिलं.

"मास्टर के आगे, भाभी."